ओवाळणीतलं भाडं

शकूआत्या हळू बोलू शकत नव्हती. पिठाच्या गिरणीत उभं आयुष्य गेल्यावर माणसाचा आवाज काय राहणार? मोटार सुरू असताना जेवढ्या आवाजात हिशेब सांगायचा, तेवढ्याच आवाजात ती मयताच्या घरी "झोपेतच गेल्या का वं?" असं विचारायची आणि रडणारी माणसंही दचकून गप्प व्हायची. घोडेगावात तिला गुपित सांगायचं नाही, असा अलिखित नियम होता. ती कुणाला मुद्दाम सांगायची नाही, पण "ऐकलं, ऐकलं, कुनाला सांगत न्हाई मी" एवढं ती म्हणाली तरी अर्ध्या पेठेला कळायचं की काहीतरी आहे.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. आमच्या गाळ्यात तिच्या नवऱ्याची गिरणी होती. नवरा अचानक गेला, तेव्हा ती पंचविशीची असेल. मूलबाळ नव्हतं. दिराचं म्हणणं, यंत्र विकून टाकू आणि हिला माहेरी पोचवू. पेठेतले चार शहाणे म्हणाले, बाईमाणसाच्यानं गिरणी चालणार नाही, पट्टा निसटला तर हात जाईल. त्या वेळी माझे वडील, अण्णा, गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "गाळा माझा आहे. शकू चालवणार असेल तर तिलाच देणार." दीर मुकाट्यानं परत गेला. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं. अण्णांबद्दल पुढे जे सांगणार आहे, त्याआधी हे सांगायलाच हवं. ते तेव्हा खरंच चांगले वागले होते.

त्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी ती ताट घेऊन आमच्या दारात उभी राहिली. ती बौद्ध, आम्ही गावचे जुने जमीनवाले. दारात आली की ती "जयभीम अण्णा" म्हणायची, अण्णा "रामराम शके" म्हणायचे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. "आमच्यात दिवाळी न्हाई," ती म्हणाली, "पर ववाळायला काय जातंय? भाऊ तर हाय." तेव्हापासून ती दर वर्षी येऊ लागली. अण्णांना या बहिणीचा फार अभिमान. कुठल्याही सभेत माईक हातात आला की "आमच्या घरात जातपात नाही, माझी बहीण कोण आहे ते विचारा" हे वाक्य यायचंच. मला ते ऐकून छाती फुगल्यासारखं व्हायचं. आपण तिच्या घरी जेवायला किती वेळा गेलो, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. ती आमच्याकडं यायची. आम्ही तिच्याकडं फक्त दळण पाठवायचो.

गिरणीत तिचा एक कायदा होता. आधी येईल त्याचं आधी, हा सगळ्या जगाचा नियम तिथं चालत नसे. "गाडीवाल्यांचं आधी!" ती ओरडायची. तळेघर, आहुपे या वरच्या डोंगरातल्या गावांची माणसं बाजाराला आली की नाचणी, तांदूळ दळून न्यायची. त्यांची एसटी चुकली तर रात्र स्टँडवर काढायची. म्हणून ज्याला गाडी गाठायची आहे, त्याचा डबा पुढे. गावातल्या बाया यावरून तिच्याशी कडाकडा भांडत. एकदा आमची आईच भांडली. पाहुणे यायचे होते, गव्हाचा डबा तासभर रांगेत, आणि शकूआत्या आहुप्याच्या एका म्हाताऱ्याची नाचणी आधी घेऊन बसलेली. आई म्हणाली, "अगं, घरच्यांचा तरी विचार कर." आत्या म्हणाली, "वैनी, तुमाला घर हाय जवळ. ह्याला गाडी हाय." वर नाचणीनंतर लगेच गहू टाकला तर पोळ्या काळ्या होतील म्हणून मध्ये दुसऱ्या कुणाची बाजरी दळली, ते वेगळंच. आई दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी आत्याच घरी आली, थालीपिठाची ताजी भाजणी घेऊन. आमच्या घराकडून दळणाचे पैसे तिनं कधीच घेतले नाहीत, पण भाडं मात्र महिना उजाडला की पहिल्या आठवड्यात घेऊन यायची. पदराला पीठ, भुवयांना पीठ, हातात पैसे. अण्णा न मोजता खिशात घालायचे. पावती कधी दिली नाही, तिनं कधी मागितली नाही. बहीण-भावात पावती कसली?

मला तेव्हा शाळेत नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. मी नागरिकशास्त्र शिकवतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मग ती भाऊबीज आली. अण्णांच्या टोमॅटोला त्या वर्षी नारायणगावच्या बाजारात कधी नव्हे असा भाव मिळाला होता. स्वारी भलतीच खुशीत होती. आत्यानं ओवाळलं, ताट पुढं धरलं. अण्णांनी नेहमीची नोट टाकली नाही. सगळ्यांकडं पाहत म्हणाले, "शके, आजपासून तुझं भाडं घ्यायचं नाही. हीच तुझी ओवाळणी. बहिणीकडून भाडं घेतो काय कुणी?"

"आसं नका करू अण्णा," ती म्हणाली. "फुकटच्या जागंत मला झोप न्हाई यायची."

"मग जागी राहा!" अण्णा म्हणाले आणि सगळे हसले. आत्याच्या डोळ्यांना पाणी आलं. भुवयांवरचं पीठ पुसल्यासारखं करून तिनं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेठेत पेढे वाटले, आणि तिचा तो आवाज! माझ्या भावानं मला गाळा ओवाळणीत दिला, हे मंचरपर्यंत ऐकू गेलं असेल. तरीही पुढच्या महिन्यात ती पैसे घेऊन आलीच. अण्णा रागावले, "माझा शब्द मोडतेस काय?" त्यानंतर ती पैसे आणीना, पण भाजणी, नाचणीचं सत्त्व, तांदळाची पिठी यांनी आमच्या घरातले डबे भरून वाहू लागले.

अण्णा तेव्हा मनापासून बोलले होते असं मला अजूनही वाटतं. मला ते तसंच वाटून घ्यायचं आहे, हेही खरं.

उन्हाळ्यात रस्ता रुंद होणार असं ठरलं आणि पेठेतल्या जागांना सोन्याचा भाव आला. एक बिल्डर येऊन बसू लागला. जुने गाळे पाडायचे, वर दोन मजले, खाली चकचकीत दुकानं. अण्णांनी आत्याला बोलावून सांगितलं. ती लगेच म्हणाली, "बांधा की. मला खालचा एक गाळा द्या, आदीच्या भाड्यापरीस जास्त देते." पण खालच्या गाळ्यांना मोबाइलवाले, सोनार गिऱ्हाईक होते. पुढच्या बाजूला गिरणीची धूळ आणि धडधड बिल्डरला नको होती. वरच्या मजल्यावर गिरणी चढत नाही. तीन फेजची लाईन, जमिनीत गाडलेले बोल्ट, रोज येणारी माणसं, हे सगळं उचलून ती कुठं जाणार? ती म्हणाली, "अण्णा, मी इथून हालले तर गिरणी बंदच पडती." अण्णा म्हणाले, "बघू."

पुढच्या आठवड्यात वकील घरी आले. मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो तेव्हा ते विचारत होते, "भाडं नियमित येतं का?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग कपाकडं. "दिवाळीपासून आलेलं नाही," ते म्हणाले.

"मग सोपं आहे," वकील म्हणाले. "थकबाकीची नोटीस पाठवू. आणि आता तिनं आणून दिलं तर घेऊ नका."

अण्णा खोटं बोलले नव्हते. दिवाळीपासून भाडं आलं नव्हतं, हे अक्षरशः खरं होतं. ते का आलं नव्हतं, हे त्या खोलीत आम्हा बापलेकांना माहीत होतं आणि दोघंही चहा प्यायलो. साखर कमी पडलीय का, असं मी वकिलांना विचारल्याचं मला आठवतं.

नोटीस मिळाली त्या संध्याकाळी आत्या आमच्या दारात आली. कागद तिनं उलटा-सुलटा केला होता, त्यावर पिठाची बोटं उमटली होती. "पक्या, ह्ये चुकून माझ्या पत्त्यावर आलंय का रं?" तिनं विचारलं. "अण्णांना दाव जरा. ह्यात लिवलंय मी भाडं थकवलंय."

"अण्णा झोपलेत," मी म्हणालो. आतून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.

ती थांबली. तिनंही त्या बातम्या ऐकल्या. मग कमरेची पिशवी काढून म्हणाली, "बरं, मग ह्ये घे. दिवाळीपासूनचं सगळं हाय. तू घेतलंस काय आन् त्यांनी घेतलं काय."

"अण्णांना विचारून सांगतो," मी म्हणालो. ती हात पुढं करून उभी होती आणि मी हात मागं बांधून. ती गेली तेव्हा "येते" म्हणाली, ते मात्र हळू म्हणाली.

दोन दिवसांनी मी वर्गात असताना मोबाइल वाजला. तिनं सगळं भाडं माझ्या नंबरावर टाकलं होतं. गिरणीत क्यूआर कोडचं स्टिकर लावल्यापासून ती यात माझ्यापेक्षा तरबेज झाली होती. सोबत लिहिलं होतं, 'गाळा भाडं, शकू.' मी घरी येऊन अण्णांना दाखवलं. अण्णांचा चेहरा उतरला. "परत पाठव," ते म्हणाले. "घेतलंस तर केस गेली." मी म्हणालो, "अण्णा, पण ते ओवाळणीचं..." ते म्हणाले, "मला माहिती आहे कशाचं ते." मी पैसे परत पाठवले. एखाद्याचा हात झटकायचा तर निदान आपला हात हलवावा लागतो. इथं एक बोट पुरलं.

दुसरी बाई असती तर रडली असती, नाहीतर दारात येऊन शिव्या दिल्या असत्या, आणि मला दोन्ही परवडलं असतं. आत्यानं वकील गाठली. तिच्याच गिरणीवर लहानपणापासून दळण आणणारी मुलगी, नुकती वकिली करायला लागलेली. तिनं सांगितलं ते आत्यानं एखादं नवीन यंत्र शिकावं तसं शिकून घेतलं. पुढच्या महिन्यात आमच्या ओट्यावर पोस्टमन उभा राहिला. "मनिऑर्डर आहे, गाळ्याचं भाडं." अण्णा म्हणाले, "घेणार नाही." त्याचंही दळण आत्याकडंच. त्यानं मान खाली घालून 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि चहा न घेता गेला. पुढच्या महिन्यात तो परत आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग वकिलीणबाईंचं रजिस्टर पत्र आलं, भाडं कोणत्या बँक खात्यात भरावं ते लेखी कळवा. अण्णांनी ते फोडून वाचलं आणि उत्तर दिलं नाही. मग तिनं कोर्टात अर्ज करून तिथं भाडं जमा करायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि दर महिन्याला आत्या गिरणीला कुलूप घालून कोर्टात पैसे भरायला जाऊ लागली.

मनिऑर्डर परत आल्याच्या चिठ्ठ्या तिनं गिरणीतच, बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला अडकवल्या होत्या. आणि आवाज तर होताच. गिरणीत शाळेचा तास सुरू झाल्यासारखं झालं. भाड्यानं राहणारी कुणी शिक्षिका, कुणी टपरीवाला तक्रार करू लागला की ती दळता दळता सांगायची, "मालक भाडं घेत न्हाई? आनंदात ऱ्हाऊ नको येड्या! त्यो सोडून देत न्हाई, साठवतोय. मनिऑडर कर. परत आली तर चिठ्ठी जपून ठिव. खात्याचा नंबर लेखी माग. तरी न्हाई दिला तर कोर्टात भर. आन् एक म्हैना चुकवायचा न्हाई, सन असू दे का मयत." मी समोरच्या दुकानात उभा राहून हे ऐकलंय. माझ्या वर्गात मी जे शिकवतो ते पुस्तकातलं होतं. हिचं आमच्या घरानं शिकवलेलं होतं.

त्या वर्षी भाऊबीजेला अण्णा सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून बसले. आईनं पाट मांडला. दुपार झाली. अण्णांनी वर्तमानपत्र संपवलं, मग जुनं काढून वाचलं. कुणी दारात आलं की ते मान वर करायचे. दिवेलागणीला ते उठले, टोपी खुंटीला लावली. "गिरणीत गर्दी असेल," ते म्हणाले. त्या दिवशी गिरणी बंद होती. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

केस चालू झाली. तिची बाजू अडत होती एकाच जागी. भाडं ओवाळणीत माफ केलं होतं, हे सिद्ध कसं करणार? पेढे खाल्लेले सगळे म्हणत, आम्हाला तिनंच सांगितलं. प्रत्यक्ष ऐकणारे म्हणजे आमच्या घरातले. एकदा कोर्टाच्या आवारात वकिलीणबाईंनी मला गाठलं. मी पाय काढता घेणार, तेवढ्यात म्हणाल्या, "घाबरू नका सर, तुम्हाला साक्षीला बोलावणार नाही. मी बोलावणार होते. आत्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, लेकराला बापाच्या म्होरं उभं करू नका."

मला सुटल्यासारखं वाटलं. इतकं हलकं वाटलं की मी कोपऱ्यावर जाऊन उसाचा रस प्यायलो. अजून कुठं रसवंतीची घुंगरं वाजली की मला माझीच शिसारी येते. मला कुणी अडवलं नव्हतं. तिनं नको म्हटलं तरी मी आपल्या पायांनी आत जाऊन उभा राहू शकलो असतो.

निकाल लागायच्या आधीच अण्णा गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि गेले. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी आणतात. संध्याकाळी दारात शकूआत्या, डोक्यावर पाटी. पिठलं, भाकरी, ठेचा. भावकीतल्या दोन बायांनी एकमेकींकडं पाहिलं. आत्या सरळ आत गेली, आईला जवळ घेतलं, मग परातीत भाकरी कुस्करून तिला घास भरवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खा वैनी. भाऊ गेला माझा." त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या हातची भाकरी खाल्ली.

मी बिल्डरला नाही सांगितलं आणि केस काढून घेतली. यात मोठेपणा काही नाही. अण्णांच्या हयातीत केलं असतं तर तो मोठेपणा झाला असता. कागदपत्रांचं सगळं उरकल्यावर मी गिरणीत गेलो. बाजारचा दिवस होता. दारात पोत्यांची रांग, आत पिठाचा धूर. आत्यानं मला बघितलं, डबा उलटा घालून बसायला दिला, एका पोराला चहा आणायला पिटाळलं. किती वाळलास म्हणाली. आईचं गुडघ्याचं विचारलं. सगळं पूर्वीसारखं.

मी म्हणालो, "आत्या, केस संपली. गाळा तुझाच. पाहिजे तितकी वर्षं चालव. आता कोर्टात हेलपाटे घालू नकोस. भाडं माझ्याकडं दे, जमेल तेव्हा, जमेल तसं. नाही दिलंस तरी..."

तिनं हात वर करून मला थांबवलं.

"मनिऑडर धाडते," ती म्हणाली. "म्हैन्याच्या म्हैन्याला. घेतलीस तर सही कर. न्हाई घेतलीस तर परत येईल. दोनी बाजूनं माझ्याकडं कागद ऱ्हातो."

"अगं, पेठेच्या या टोकाहून त्या टोकाला मनिऑर्डर?" मी हसण्याचा प्रयत्न केला. "माझ्यावर विश्वास नाही का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पाया पडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तिनं पदरानं माझ्या खांद्यावर बसलेलं पीठ झटकलं.

"तू चांगलाच हाईस रं पक्या," ती म्हणाली. "तुझा बापबी चांगलाच व्हता."

तेवढ्यात रांगेतली एक बाई ओरडली, तळेघरची गाडी लागली म्हणून. आत्या वळली, तिचं नाचणीचं पोतं एकटीनं उचलून वर ओतलं आणि बटण दाबलं. पट्टा सुरू झाला. मी काहीतरी म्हणालो, पण त्या धडधडीत ते मलाही ऐकू आलं नाही, आणि ती तर नाचणीकडंच बघत होती.